द्रोणागिरीचे लाकूड, शेतकऱ्याचा पेंढा

द्रोणागिरीत बायोमास पेलेटचा कारखाना काढायचा असेल, तर यंत्राचा प्रश्न नंतरचा. आधी मालाचा प्रश्न सोडवावा लागतो. यंत्र गुजरातेतून येईल, पंजाबातून येईल, हवे तर चीनमधून येईल. केंद्र सरकारचे अनुदान मिळेल आणि बँक कर्जही देईल. पण रोज सकाळी यंत्राच्या तोंडात काय घालायचे, ते कोणाच्या हातचे काढून घ्यायचे आणि तयार गोळी कोणाच्या बॉयलरात जाळायची, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रकल्प अहवालात बहुधा एकाच शब्दात उरकलेली असतात : ‘कचरा’. शेतातला कचरा, लाकडाचा कचरा, बागेतला कचरा. पनवेल-उरण पट्ट्यात हे तीनही प्रकार सापडतात, पण तिघांची जात वेगळी आहे आणि तिघांचे मालकही वेगळे आहेत. त्यांतला कोणता खरोखर टाकाऊ आहे, हे तपासले की एक गोष्ट स्पष्ट होते. द्रोणागिरीत या उद्योगाला जागा आहे. मात्र ती शेजारच्या बंदरातून येणाऱ्या सुक्या, मोडक्या लाकडापुरती आहे. भाताच्या पेंढ्यावर किंवा डोंगरातल्या झाडावर तो उभा केला, तर तो एक तर तोट्यात जाईल नाही तर दुसऱ्या कोणाला तरी तोट्यात घालील.

मुळात ही गोळी तयार कशी होते ते पाहू. लाकूड किंवा काडी आधी चिपरमध्ये, मग हॅमर मिलमध्ये बारीक होते. हा भुसा वाळवून त्यातला ओलावा दहा ते पंधरा टक्क्यांवर आणतात आणि जाड पोलादी डायच्या भोकांतून दाबून काढतात. दाबामुळे आणि घर्षणामुळे भुसा शंभर अंशांच्या आसपास तापतो. लाकडातला लिग्निन हा घटक त्या उष्णतेने मऊ होतो आणि थंड झाल्यावर डिंकासारखा धरून ठेवतो. म्हणून वेगळा गोंद लागत नाही. बाहेर पडते ती सहा-आठ मिलिमीटर जाडीची, बोटाच्या पेरापेक्षा थोडी लांब कांडी. हाच माल ठोकून मोठ्या आकारात, साठ ते नव्वद मिलिमीटर जाडीचा केला की त्याला ब्रिकेट म्हणतात. बॉयलरच्या बाजारात तो ‘पांढरा कोळसा’ नावाने विकला जातो. बंदरातल्या लाकडी पॅलेटशी गल्लत नको म्हणून या लेखात पेलेटला गोळीच म्हणू.

एवढा दाब देण्याचे कारण आकारमानात आहे. भाताचे तूस एका घनमीटरमध्ये जेमतेम शंभर किलो बसते. सुटा पेंढा त्याहूनही कमी. गोळी मात्र सहाशे ते सातशे किलो बसते. चाळीस घनमीटरच्या हौद्यात तूस भरले, तर ट्रक चार टनांवरच गच्च होतो आणि डिझेल हवा वाहून नेण्यात जळते. गोळी भरली तर हौदा भरण्याआधीच वजनाची मर्यादा येते. शिवाय गोळीचा आकार, ओलावा आणि उष्मांक ठरावीक असल्याने ती स्क्रूने, पाइपने आपोआप भट्टीत सोडता येते. मोळीचे किंवा पेंढ्याचे तसे करता येत नाही. फायदे खरे आहेत, पण ते फुकट नाहीत. एक टन गोळी काढायला कुटणे, दाबणे, गार करणे धरून साधारण शंभर युनिटच्या आसपास वीज लागते, डाय आणि रोलर झिजतात, आणि माल ओला असेल तर वाळवणीचा खर्च या सगळ्यावर कडी करतो. म्हणजे गोळी करण्याने इंधनाची ने-आण सुधारते. मालात मुळात जे नाही ते गोळीत येत नाही. मालात राख असेल तर गोळीत राख राहते, क्लोरीन असेल तर क्लोरीन राहते.

या उद्योगाला सध्या जोर आला आहे तो धोरणामुळे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्ये ‘समर्थ’ या नावाने औष्णिक वीज केंद्रांत बायोमास जाळण्याची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. जून २०२३ च्या सुधारणेनुसार कोळशाच्या वीज केंद्रांनी २०२४-२५ पासून ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के बायोमास कोळशाबरोबर जाळावा, असे ठरले. त्याआधी २०१७ मध्ये एनटीपीसीने दादरी येथे हा प्रयोग करून दाखवला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यासाठी ८५८ कोटी रुपये ठेवले गेले आणि ब्रिकेट-पेलेट कारखान्यांना ताशी एक टन क्षमतेमागे ९ लाख, कमाल ४५ लाख रुपये अनुदान ठरले. सरकारी अंदाजानुसार देशात दर वर्षी सुमारे ७५ कोटी टन शेतीचा अवशेष निर्माण होतो आणि त्यातला सुमारे २३ कोटी टन शिल्लक राहतो. हा आकडा प्रत्येक उद्योजकाच्या अहवालात पहिल्या पानावर असतो. पण ‘शिल्लक’ ही देशभराची बेरीज आहे. ती पंजाबात आहे, विदर्भात आहे. उरण तालुक्यात ती आहे की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

मालाकडे दुर्लक्ष झाले की काय होते, याचा धडा महाराष्ट्राने एकदा घेतलेला आहे. २००६ मध्ये बीपी कंपनीने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने ‘ऊर्जा’ नावाची घरगुती चूल बाजारात आणली. छोटा पंखा, खालून-वरून हवा आणि इंधन म्हणून शेतीच्या अवशेषांपासून केलेल्या गोळ्या. धूर नावापुरता, स्वयंपाक झटपट. महाराष्ट्र आणि कर्नाटकात मिळून चार लाखांहून अधिक चुली विकल्या गेल्या. २००९ मध्ये हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे आला. चुलीत दोष नव्हता. मात्र ज्या मालापासून गोळी होत होती, त्याला दुसरीकडेही गिऱ्हाईक होते. बॉयलरवाल्यांनी तोच माल उचलायला सुरुवात केली, गोळीचे दर चढत गेले आणि ज्या गृहिणीसाठी चूल होती तिला ती परवडेनाशी झाली. कंपनीला अखेर हॉटेले आणि कारखान्यांकडे वळावे लागले. कचऱ्याला एकदा भाव आला की तो कचरा राहत नाही, आणि भाव देण्याची ऐपत ज्याची मोठी त्याच्याकडे तो जातो. गोळीच्या कोणत्याही कारखान्याने हे गणित पहिल्या दिवशी मांडायला हवे.

आता द्रोणागिरीकडे पाहू. पनवेलच्या पश्चिमेला, उरण तालुक्यात, द्रोणागिरीच्या डोंगराच्या आसऱ्याने वसवलेला हा सिडकोचा विभाग. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घेतल्या गेल्या. त्यात भातशेती होती, खाजण होते, मिठागरे होती. योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जासई आणि परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. २६ मे १९८९ रोजी शेजारचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि द्रोणागिरीभोवती कंटेनर यार्डे, सीएफएस म्हणजे कंटेनरमधला माल भरण्या-उतरवण्याची केंद्रे, आणि गोदामे यांची दाटी झाली. जानेवारी २०२४ मध्ये चिर्ल्याला उतरणारा अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल एकाच दिवशी खुली झाली, तेव्हापासून उरल्यासुरल्या शेतांचेही भाव बदलले. जिथे जमीन गुंठ्याच्या भावाने विकली जाते, तिथे पेंढ्याच्या भरवशावर कारखाना चालवता येत नाही. जी शेती उरली आहे तिचा पेंढा तरी मोकळा आहे का, हेही तपासायला हवे.

रायगडातला भात पंजाबासारखा कंबाइनने कापला जात नाही. तो बहुतांशी विळ्याने, बुडापासून कापतात. झोडून झाला की पेंढा उडवीला लागतो आणि पावसाळ्यापर्यंत गुरांच्या पुढ्यात जातो. उरतो त्याचा काही भाग राबाला. वाफ्यावर कवळ, पालापाचोळा, शेण आणि पेंढा पसरून भाजायची आणि त्यावर भाताचे रोप टाकायचे, ही कोकणातली जुनी रीत. तिच्यावर धुराचा आणि झाडतोडीचा आक्षेप आहेच. पण तिला पर्याय शोधणाऱ्यांनी पेंढा कारखान्यात पाठवण्याचा सल्ला दिलेला नाही. कर्जत तालुक्यातल्या नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या ‘सगुणा राइस तंत्रा’चा गाभाच असा की नांगरट, चिखलणी करायची नाही आणि भाताची मुळे, बुडखे जमिनीतच कुजू द्यायचे, त्यातून जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढतो. तुसाचेही तसेच. भाताच्या वजनाचा साधारण पाचवा भाग तूस असते. या भागात ते वीटभट्ट्यांना लागते, भात गिरण्यांच्या आणि पोहे करणाऱ्यांच्या भट्ट्यांनाही लागते. ज्याला आधीच घर आहे, त्याला कचरा म्हणून उचलायला जाणे म्हणजे दुसऱ्याच्या धंद्यात भाववाढ करणे.

शिवाय पेंढ्याचा स्वभाव बॉयलरला मानवत नाही. भाताच्या पेंढ्यात आणि तुसात सिलिका भरपूर. राख पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत जाते. लाकडाची राख स्वच्छ मालात एक टक्क्याच्या आसपास असते. पेंढ्यातल्या पोटॅशियममुळे ही राख कमी तापमानालाच वितळते आणि नळ्यांना चिकटते. क्लोरीनमुळे धातू गंजतो. त्यात उरण-पनवेलची भातशेती बरीचशी खारभूमीतली. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ अशा क्षार सोसणाऱ्या जाती याच जमिनीसाठी काढल्या. खाऱ्या जमिनीत वाढलेल्या काडीत क्लोरीन अधिक उतरते, म्हणजे या पट्ट्यातला पेंढा इंधन म्हणून आणखी एक पायरी खाली. जमिनीचा, गुरांचा आणि बॉयलरचा असा तिन्ही बाजूंनी कौल एकच येतो : इथला पेंढा इथेच राहू द्यावा.

मग उरते लाकूड. जवाहरलाल नेहरू बंदरातून २०२४-२५ मध्ये सुमारे ७३ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी मापाचे तेवढे कंटेनर, हाताळले गेले. यंत्रे, काच, फरशा, रसायनांची पिंपे, सुटे भाग हे सगळे लाकडी पॅलेटवर, पेट्यांत, पाचरी ठोकून आणि आधाराच्या फळ्या लावून येते-जाते. माल उतरला की पॅलेट धड असेल तर ती दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात जाते. हे योग्यच आहे आणि गोळीच्या कारखान्याने तिच्या वाटेला जाऊ नये. फुटलेल्या फळ्या, चिरलेल्या पाचरी, वखारीतला भुसा आणि सुतारकामाचे तुकडे यांना मात्र दुसरा मानाचा उपयोग नाही. ते उघड्यावर पेटतात, नाही तर स्वस्त जळण म्हणून कुठल्या तरी भट्टीत जातात. मुंबईच्या बेकऱ्यांत जुने फर्निचर आणि भंगारातले लाकूड जाळले जाते, ही तक्रार जुनी आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि तंदूर भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. म्हणजे या लाकडाचे एक मोठे गिऱ्हाईक आता कमी होत जाणार. ते लाकूड जाणार कुठे, याचा विचार बंदराच्या दाराशी करण्याची हीच वेळ आहे.

या लाकडाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याचा सुकेपणा, आणि तो पैशांत मोजता येतो. दहा टक्के ओलाव्याच्या एक टन गोळीत ९०० किलो कोरडे द्रव्य असते. ताज्या फांद्या घेतल्या, ज्यांत निम्मे पाणी असते, तर १,८०० किलो माल आणून ८०० किलो पाणी उडवावे लागते. वाळवणीतली गळती धरून एका किलो पाण्यामागे ९०० किलोकॅलरी लागल्या, तर ७ लाख २० हजार किलोकॅलरी खर्च होतात. तयार गोळीत असतात ४० लाखांच्या आसपास. म्हणजे सुमारे अठरा टक्के इंधन इंधन करण्यातच गेले. पंधरा टक्के ओलाव्याची मोडकी फळी घेतली, तर १,०६० किलो माल पुरतो, साठ किलो पाणी उडवावे लागते आणि खर्च दीड टक्क्याच्याही आत राहतो. कित्येकदा वाळवणीचे यंत्रच लागत नाही. शहरातल्या झाडांच्या छाटणीतून, बागांतून निघणारा हिरवा कचरा म्हणूनच गोळीपेक्षा खतासाठी बरा. एक अट मात्र आहे. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मोडके लाकूड यार्डात उघड्यावर भिजत ठेवले, तर हा सगळा फायदा जूनच्या पहिल्या आठवड्यात वाहून जातो. आणि तयार गोळीला पाणी लागले की ती फुगून पुन्हा भुसा होते. द्रोणागिरीत म्हणून यंत्रापेक्षा छप्पर आधी बांधावे लागेल.

दुसरी अट अधिक कडक आहे, आणि या उद्योगाचा कस तिथेच लागतो. बंदरातले सगळे लाकूड जाळण्याजोगे नसते. परदेशातून लाकडी वेष्टनातून कीड येऊ नये म्हणून ‘आयएसपीएम-१५’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि भारताच्या २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार तसे प्रक्रिया केलेले लाकूडच आत येऊ शकते. प्रक्रिया मुख्यत्वे दोन. एक, लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवणे. अशा फळीवर ‘एचटी’ असा छाप असतो. दुसरी, मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी. तिचा छाप ‘एमबी’. तापवलेले लाकूड इंधनाला चालते. धुरी दिलेले बाजूला काढले पाहिजे. याखेरीज रंगवलेले लाकूड, लॅमिनेट लावलेले फर्निचर, फॉर्मल्डिहाइडच्या डिंकाने चिकटवलेले प्लायवूड आणि एमडीएफ, आणि कंटेनर दुरुस्तीतून निघणारे तळाचे प्लायवूड, ज्यात बहुधा कीटकनाशक मुरवलेले असते, हे सगळे वर्ज्य. भुसा झाल्यावर यातले काहीच ओळखू येत नाही. गोळी तर सगळ्यांची सारखीच दिसते. त्यामुळे निवड फळी असतानाच, माणसाच्या डोळ्याने आणि हाताने करावी लागते. खिळे काढायला मग चुंबक आहेच, नाही तर एक खिळा डायची भोके बिघडवतो. ही निवड हाच कारखान्याचा खरा विभाग मानला, तर स्थानिकांसाठी कामही तिथेच आहे. प्रकल्पग्रस्त गावांतल्या बचत गटांना किंवा सहकारी संस्थेला लाकूड उचलण्याचा आणि निवडण्याचा करार मिळाला, तर बंदराच्या व्यवहारातला थोडा वाटा ज्यांची जमीन गेली त्यांच्याकडे परत येईल.

किती मोठा कारखाना पेलवेल? ताशी एक टन क्षमतेचे यंत्र दिवसाला सोळा तास, वर्षाला तीनशे दिवस चालले तर ४,८०० टन माल लागतो. मोडक्या पॅलेटमधून सरासरी वीस किलो लाकूड धरले, तर हे दोन लाख चाळीस हजार पॅलेट झाले. बंदराच्या कंटेनर संख्येशी ताडून पाहिले, तर दर तीस टीईयूमागे एक मोडकी पॅलेट. सगळेच कंटेनर इथे उघडले जात नाहीत, पुष्कळ तसेच रेल्वेने आणि ट्रेलरने पुढे जातात, कित्येक रिकामे असतात. म्हणून एखाद-दुसरे यंत्र हीच शहाणपणाची मर्यादा. खपाची बाजूही याला धरून आहे. ताशी तीन टन वाफ देणाऱ्या बॉयलरला अशा गोळ्या तासाला सहाशे किलोच्या आसपास लागतात. म्हणजे एक टनाचे यंत्र दोन बॉयलरांनाही पुरे पडणार नाही. तळोजा आणि पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहती द्रोणागिरीपासून जवळ आहेत आणि प्रक्रियेसाठी वाफ लागणारे कारखाने तिथे आहेत. माल बंदरावर, गिऱ्हाईक जवळच. गोळीच्या धंद्यात याहून चांगला भूगोल क्वचित मिळतो. तो टिकवायचा असेल तर गोळी लांब पाठवण्याचा मोह टाळावा लागेल.

यावर पहिला आक्षेप पर्यावरणवाद्यांचा. लाकूड जाळणे स्वच्छ कसे? आक्षेप निराधार नाही. धुराड्यापाशी मोजले, तर एक गिगाज्यूल उष्णतेमागे लाकडातून सुमारे ११२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कोळशातून सुमारे ९५ किलो. लाकूड कार्बनच्या हिशेबात तटस्थ धरले जाते ते तोडलेल्या झाडाच्या जागी झाड वाढेल या भरवशावर, आणि झाडाला वाढायला दशके लागतात. इंग्लंडमधले ड्रॅक्स हे वीज केंद्र अमेरिका आणि कॅनडातून जहाजे भरून लाकडाच्या गोळ्या आणते. त्या जंगलांवरून तिथे वर्षानुवर्षे वाद चालू आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुरवठ्याच्या नोंदी नीट न ठेवल्याबद्दल ड्रॅक्सला अडीच कोटी पौंड भरावे लागले. पण मोडक्या फळीचा प्रश्न निराळा आहे. ती गोळीसाठी तोडलेली नाही. तिचे झाड कधीच पडले आहे. ती उघड्यावर जळली वा कुजली तरी तिच्यातला कार्बन काही वर्षांत हवेत जाणारच. तेव्हा ती बॉयलरात जाळून तेवढा कोळसा वाचत असेल, तर तो निव्वळ लाभ. हा युक्तिवाद उभ्या झाडाला मात्र लागू पडत नाही, आणि धोका तिथेच आहे. कारखान्याची भूक लाकडाच्या उपलब्धतेपेक्षा मोठी ठेवली, तर तो मोडक्या फळीवर थांबणार नाही. खासगी मालकीच्या रानांतून येणारे ट्रक त्याच्या दाराशी लागतील. म्हणून क्षमतेवर मर्यादा ही पर्यावरणाची अट आहे. ती सवलत म्हणून नव्हे, परवान्यातच लिहिली गेली पाहिजे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. पाइपचा गॅस असताना गोळी कशाला? जिथे पाइपचा गॅस पोचतो आणि परवडतो, तिथे गोळीचा आग्रह धरू नये, हे सरळ मान्य करावे. दाट वस्तीतल्या बेकरीला गोळी देणे म्हणजे न्यायालयाच्या आदेशाला बगल देणे होईल. गोळी कितीही चांगली असली, तरी तिच्या धुरात सूक्ष्म कण असतातच. तिची जागा वस्तीपासून दूरच्या, बॅग फिल्टर किंवा तत्सम धूळरोधक असलेल्या बॉयलरात, जिथे आज कोळसा जळतो. तीस-चाळीस टक्के राखेच्या देशी कोळशाशी तुलना केली तर स्वच्छ लाकडाची गोळी राख, गंधक आणि उष्मांक या तिन्ही बाबतींत वरचढ ठरते. तुलना गॅसशी केली तर ती हरते. आपण कोणाची जागा घेतो आहोत, हे ठरवल्याशिवाय ‘हरित इंधन’ ही पाटी लावण्याला अर्थ नाही.

तिसरा आक्षेप असा की पेंढा वगळला, शेतकरी वगळला, मग शेतीच्या अवशेषाचे काय? त्याचे उत्तर द्रोणागिरीत शोधू नये. ते विदर्भात आहे. यवतमाळ जिल्ह्यात कापसाचे क्षेत्र चार लाख हेक्टरच्या पुढे असते. वेचणी संपली की हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी उभी राहते. ती गुरे खात नाहीत, आणि शेतात ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. म्हणून ती उपटून बांधावर जाळतात. खरा टाकाऊ माल हा. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून असलेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, ‘सिरकॉट’ने, पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, ब्रिकेट आणि पेलेट करण्याची पद्धत बसवली आहे. नागपूरच्या स्मशानभूमींत शेतीच्या अवशेषांपासून केलेले मोक्षकाष्ठ वापरले जाते. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या पाचटाचा कोळसा करण्याच्या तंत्रासाठी पुण्याच्या ‘आरती’ संस्थेला २००२ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. फलटणच्या ‘नारी’ संस्थेने उसाच्या पाल्यावर चालणारे गॅसिफायर उभे केले. आणि मोठे गिऱ्हाईकही विदर्भातच आहे. २,९२० मेगावॉटचे चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र साठ टक्के भाराने चालले आणि युनिटमागे ०.७ किलो कोळसा धरला, तर वर्षाला एक कोटी टनांहून अधिक कोळसा लागतो. त्याचे पाच टक्के म्हणजे पाच लाख टनांवर गोळी. हेक्टरी दोन टन पऱ्हाटी धरली तर अडीच लाखांहून अधिक हेक्टरांचा माल तिथेच खपेल. ती पऱ्हाटी सातशे किलोमीटर ओढून बंदराशी आणण्यात कोणाचेच हित नाही.

चौथा प्रश्न सुरक्षेचा, आणि उरणकरांना तो समजावून सांगावा लागत नाही. गॅस आणि तेलाच्या प्रकल्पांचा हा शेजार. ३ सप्टेंबर २०१९ रोजी ओएनजीसीच्या उरण प्रकल्पातल्या आगीत चौघांचा जीव गेला. बारीक लाकडी भुसा हवेत उडत असताना ठिणगी पडली तर स्फोट होतो. साठवलेली गोळी बंद जागेत ऑक्सिजन शोषून कार्बन मोनॉक्साइड सोडते. नोव्हेंबर २००६ मध्ये स्वीडनच्या हेल्सिंगबोर्ग बंदरात कॅनडाहून आलेल्या गोळ्यांच्या जहाजावर एक खलाशी याच वायूने मेला. त्या जहाजावर कुठे आग लागली नव्हती, विषारी रसायन नव्हते. होती ती फक्त लाकडाची गोळी. धूळ ओढून घेणारी यंत्रणा, ठिणगीशोधक, हवेशीर कोठार आणि वायुमापक ही या कारखान्यात चैन नाही. त्यांच्याशिवाय गोळी स्वस्त पडते असे कोणी सांगत असेल, तर तो जोखमीचा खर्च कामगाराच्या खात्यावर टाकतो आहे.

या सगळ्याचा निवाडा साधा आहे. द्रोणागिरीत गोळीचा कारखाना व्हावा, पण चार अटींवर. माल फक्त बंदरातले आणि वखारींतले सुके, निवडलेले, विनाप्रक्रिया किंवा ‘एचटी’ छापाचे लाकूड असावे. क्षमता त्या लाकडाच्या नोंदवलेल्या आवकेपेक्षा कमीच ठेवावी. गोळी तळोजा-पाताळगंगेच्या टप्प्यातल्या, आज कोळसा जाळणाऱ्या बॉयलरांनाच विकावी. आणि निवडीचे काम प्रकल्पग्रस्त गावांकडे जावे. त्यासाठी बंदर प्राधिकरणाने आणि सिडकोने एक काम आजच करावे : प्रत्येक यार्डातून आणि गोदामातून वर्षाला किती मोडके लाकूड निघते, त्यातले किती कोणत्या छापाचे, आणि ते आज कुठे जाते, याची नोंद बंधनकारक करावी. ही नोंद हाती नसताना जो कोणी टनांचे आणि कोटींचे आकडे मांडेल, त्याच्या अहवालावर अनुदानाची सही होऊ नये. आणि पेंढ्याची उडवी दिसली की तिला कचरा म्हणणाऱ्याला शेतकऱ्याने आधी एवढेच विचारावे : माझ्या गुरांना आणि माझ्या जमिनीला त्याच्या बदल्यात काय देणार?